नाव कोणाचे, हात कोणाचे?

पॅरिसच्या ‘दिओर’ या उंची वस्त्रांच्या पेढीने २०२५ साली आपला कलाप्रमुख बदलला. नऊ वर्षे ही धुरा वाहणाऱ्या मारिया ग्राझिया किउरी पायउतार झाल्या आणि जोनाथन अँडरसन त्यांच्या जागी आले. श्रीमंतांच्या पोशाखाची ही उठाठेव आपण कशाला करावी, असे कोणी म्हणेल. परंतु याच किउरीबाईंनी ३० मार्च २०२३ रोजी मुंबईत गेटवे ऑफ इंडियापाशी आपला वस्त्रसंग्रह सादर केला होता. त्यावरील भरतकामात मुंबईच्या ‘चाणक्य’ कार्यशाळेतील कारागिरांचा मोठा वाटा होता. तेव्हा पॅरिसमधील खांदेपालट मुंबईतील सुईदोऱ्यापर्यंत पोहोचतो.

ख्रिस्तियाँ दिओर १९५७ साली वारले. पेढी मात्र चालूच राहिली. एकवीस वर्षांच्या इव्ह सँ लोराँपासून अनेक कलाप्रमुख आले नि गेले. अर्थशास्त्राच्या परिभाषेत, नाव हे पेढीचे भांडवल आहे आणि कलाप्रमुख हा तिचा पगारी कल्पक. नव्या प्रमुखाची अभिरुची निराळी असली, की भरतकामाची मागणीही पालटू शकते. पेढी तो धक्का सोसते. कलाप्रमुखाला दुसरे दार उघडे असते. ज्याच्यापाशी हातच्या कामाखेरीज काही नाही, त्या कारागिराच्या पदरी मात्र जोखीम पडते.

ही वाटणी आजची नव्हे. अजिंठ्याचे सोळावे लेणे वाकाटक नृपती हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने करविले, हे तेथील शिलालेख सांगतो. अजिंठ्याच्या भिंतींवर पट्ट्यापट्ट्यांची तलम वस्त्रे रंगविणारे कोण आणि तशी वस्त्रे विणणारे कोण, हे मात्र कोणी सांगत नाही.

याच जिल्ह्यातील पैठणची गोष्ट थोडी निराळी. पैठणीला कोणी कलाप्रमुख नाही; गावाचे नाव हीच तिची मुद्रा. भौगोलिक निर्देशनाच्या नोंदणीने त्या नावाला कायद्याचे संरक्षणही मिळाले. पण नावाचे रक्षण म्हणजे मजुरीचे रक्षण नव्हे. यंत्रमागावरची नक्कल बाजारात स्वस्तात मिळते, आणि हातमागावर महिनोन्‌महिने खपणारा विणकर ग्राहकाला अनोळखीच राहतो.

उपाय सोपे नसले तरी अशक्य नाहीत. प्रत्येक पैठणीसोबत विणकराचे नाव द्यावे, विक्रीच्या किमतीतील त्याचा हिस्सा ठरवावा आणि बड्या पेढ्यांशी करार करताना ठरावीक मुदतीच्या कामाची हमी घ्यावी. प्रमुख बदलतच राहतील. पण हातच उरले नाहीत, तर त्या मोठ्या नावाखाली विकायचे काय?