शेवटचा पाऊस आणि कापणी
लेखमाला : अखेरच्या काळाच्या कल्पना – भाग ६

ख्रिस्ती परंपरेत 'सहस्र वर्षांचं राज्य' कसकसं समजलं गेलं, हे आपण मागच्या भागात पाहिलं. त्यातून एक प्रश्न उरतो. शेवट जवळ येईल तसतशी श्रद्धा आटत जाणार, की शेवटाआधी तिला मोठा बहर येणार? एकाच मंडळीत, एकाच बाकावर बसणाऱ्या दोन माणसांची याची उत्तरं वेगळी असू शकतात. गंमत म्हणजे दोघंही बायबल उघडूनच उत्तर देतील.

ऱ्हासाच्या बाजूने मत्तयाच्या शुभवर्तमानाचा चोविसावा अध्याय पुढे केला जातो. लढाया, दुष्काळ, भूकंप होतील आणि पुष्कळांची प्रीती थंडावेल, असं तिथे येशू शिष्यांना सांगतो. थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पौलही म्हणतो, की प्रभूचा दिवस येण्याआधी धर्मत्याग होईल. बहराच्या बाजूने योएल संदेष्टा उभा आहे. देव आपला आत्मा सर्व मनुष्यमात्रावर ओतेल, मुलगे आणि मुली संदेश देतील, दासदासीही त्यातून वगळले जाणार नाहीत, असं त्याचं भाकीत. येशूच्या पुनरुत्थानानंतर पन्नासाव्या दिवशी यरुशलेमेत पेत्राने नेमका हाच उतारा उचलला आणि तो आज तुमच्या डोळ्यांसमोर खरा होत आहे, असं जमलेल्या लोकांना सांगितलं. 'शेवटचे दिवस' हा उल्लेखही त्याने त्याला जोडला. म्हणजे बहुतेक ख्रिस्ती अभ्यासकांच्या हिशेबाने अखेरचा काळ उद्या-परवा सुरू व्हायचा नाही. तो पेत्राच्या त्या भाषणापासून सुरूच आहे.

दोन्ही बाजू एकत्र नांदवणारी एक गोष्ट मत्तयातच आहे, गहू आणि निदणाची. शेतात दोन्ही वाढतात आणि मालक निदण उपटायला मनाई करतो. कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या, म्हणतो. संजीवनावर म्हणजे आत्मिक जागृतीवर भर देणारे पुष्कळ ख्रिस्ती हीच गोष्ट पुढे करतात. अंधार गडद होईल आणि उजेडही वाढेल, दोन्ही एकाच वेळी.

दोन पाऊस

या श्रद्धेचं सगळ्यात प्रभावी चित्र शेतीतून आलं आहे. योएलने आत्म्याच्या वर्षावाआधी खऱ्याखुऱ्या पावसाबद्दल सांगितलं आहे, पहिला पाऊस आणि शेवटचा पाऊस. याकोबाच्या पत्रात तर शेतकरी या दोन्ही पावसांची धीराने वाट पाहतो, तशी तुम्ही प्रभूच्या येण्याची वाट पाहा, असा थेट उपदेश आहे.

हे कळायला पॅलेस्टाइनचं हवामान माहीत असावं लागतं. तिथला पावसाळा म्हणजे आपला हिवाळा. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पहिल्या पावसाने जमीन नांगरण्याजोगी होते आणि गहू, जव पेरले जातात. मार्च-एप्रिलमध्ये एक शेवटची सर येते. तिने दाणा भरतो आणि मग कापणी लागते. पन्नासाव्या दिवसाचा सण मुळात गव्हाच्या कापणीचा सण होता, हेही इथे लक्षात ठेवायला हवं.

यवतमाळच्या कोरडवाहू शेतकऱ्याला हे हवामान उलटं वाटेल. त्याची पेरणी मृगाच्या पावसावर. हस्ताचा पाऊस वेळेवर आला तर बोंडं भरतात, तूर तरते, हरभऱ्याला ओल मिळते. पण परतीचा पाऊस लांबला आणि फुटलेल्या बोंडांवर पडला, की पांढऱ्या कापसाची कवडी होते. पॅलेस्टाइनच्या गव्हाला मात्र तो शेवटचा पाऊस हवाच असे. तो चुकला तर आधीच्या साऱ्या मेहनतीवर पाणी पडलं म्हणायचं.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंड-अमेरिकेतल्या काही प्रचारकांनी या चित्राचा एक ठरावीक अर्थ लावला. पहिला पाऊस म्हणजे यरुशलेमेतला तो पन्नासावा दिवस, त्याने मंडळीची पेरणी झाली. शेवटचा पाऊस अजून यायचा आहे. कापणीआधी, म्हणजे ख्रिस्ताच्या पुनरागमनाआधी, पवित्र आत्म्याचा तितकाच किंवा त्याहून मोठा वर्षाव होईल. विसाव्या शतकाच्या तोंडावर या अर्थाने अनेकांची मनं धरली, आणि तो पाऊस पडू लागल्याची खात्री ज्या जागी अनेकांना वाटली, त्यांतली एक जागा महाराष्ट्रात होती.

केडगाव, १९०५

पुणे जिल्ह्यातल्या केडगावचं पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन दुष्काळाने वाढवलं. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तिथल्या निराधार मुली, विधवा घेऊन परतल्या. १८९९-१९०० चा दुष्काळ आला तेव्हा गुजरातेतल्या मुलींचीही भर पडली. काही वर्षांतच तिथल्या मुली-बायकांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. मुंबईत प्लेग, गावोगाव दुष्काळ अशा त्या दिवसांत मत्तयाचा चोविसावा अध्याय वाचणाऱ्याला तो कालच्या बातमीसारखा वाटणं स्वाभाविक होतं. पण त्याच अध्यायात हेही आहे, की या सगळ्या गोष्टी केवळ वेदनांचा आरंभ असतील. शेवट तेव्हा, जेव्हा सर्व राष्ट्रांना शुभवर्तमान पोचलेलं असेल.

ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नमध्ये प्रार्थनागटांमधून जागृती झाल्याचं रमाबाईंच्या कानावर आलं. १९०३ मध्ये त्यांनी कन्या मनोरमाबाई आणि अमेरिकन मेथडिस्ट कार्यकर्त्या मिनी अब्रम्स यांना तिकडे धाडलं. १९०४ च्या शेवटी वेल्समध्ये इव्हान रॉबर्ट्स या तरुणाभोवती मोठी जागृती झाली. १९०५ मध्ये तिचे पडसाद वेल्श मिशन काम करत असलेल्या, ईशान्य भारतातल्या खासी टेकड्यांत उमटले. त्याच वर्षी जानेवारीत रमाबाईंनी मुक्तीत रोजच्या खास प्रार्थनेचं आवाहन केलं. सुरुवातीला सत्तरएक जणी जमत. जूनपर्यंत साडेपाचशेच्या आसपास जणी दिवसातून दोनदा जमू लागल्या.

२९ जूनच्या पहाटे एका मोठ्या मुलीला आत्म्याचा अनुभव आला. दुसऱ्या दिवशी रमाबाई योहानाच्या शुभवर्तमानावर शिकवत होत्या तेव्हा मुली एकाएकी रडून पापांची कबुली देऊ लागल्या आणि धडा तिथेच थांबला. पुढचे महिने मोठ्याने, एकाच वेळी होणारी प्रार्थना, जाहीर कबुल्या, भांडणं मिटवणं, चोरलेलं परत करणं असं सुरू राहिलं. मुलींचे गट आळीपाळीने आसपासच्या गावांत जाऊ लागले.

या अनुभवांना 'शेवटचा पाऊस' या चौकटीत बसवून जगापुढे मांडलं ते मिनी अब्रम्स यांनी. १९०६ मध्ये त्यांनी पवित्र आत्म्याच्या आणि अग्नीच्या बाप्तिस्म्यावर एक पुस्तिका लिहिली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर विल्यम सीमोर या कृष्णवर्णीय प्रचारकाच्या सभांतून, आत्म्याचा वर्षाव आणि अन्य भाषांत बोलणं यांवर भर देणाऱ्या पेन्टेकॉस्टल चळवळीने जोर धरला होता. अब्रम्स यांनी पुस्तिकेची एक प्रत चिलीतल्या वालपराइसोला, मे हूवर या आपल्या जुन्या मैत्रिणीला धाडली. १९०९ मध्ये त्या शहरातल्या मेथडिस्ट मंडळीत जी जागृती झाली, तिच्यातून चिलीतली पेन्टेकॉस्टल मंडळी उभी राहिली. केडगावातली एक पुस्तिका दक्षिण अमेरिकेतल्या एका चळवळीच्या मुळाशी आहे, ही गोष्ट महाराष्ट्रात फारशी कुणाला माहीत नाही.

रमाबाई स्वतः मात्र सावध होत्या. १९०६ च्या अखेरीस मुक्तीतही अन्य भाषांत बोलण्याचा अनुभव सुरू झाला. रमाबाईंनी तो नाकारला नाही, पण आत्मा लाभल्याची ती एकमेव खूण आहे, असं त्यांनी कधी मानलं नाही. काही पाश्चात्त्य मिशनरींना हा गोंधळ खपत नव्हता. आत्म्याने कसं काम करावं याचे नियम आपण घालू नयेत, ही रमाबाईंची त्यावरची भूमिका.

वऱ्हाडातली वाट

याच १९०५ साली वऱ्हाडातल्या वणी जिल्ह्याची फेररचना होऊन त्याला यवतमाळ हे नाव मिळालं. तिथे तेव्हा फ्री मेथडिस्ट मिशनचं काम सुरू होतं. ही मंडळी १८६० मध्ये अमेरिकेत मेथडिस्ट चर्चपासून फुटून निघाली. आयुष्य पूर्णपणे पवित्र होऊ शकतं आणि तसं व्हायलाच हवं, हा तिचा आग्रह. अर्नेस्ट आणि फीबी वॉर्ड हे तिच्या विचाराचं दांपत्य १८८१ मध्ये भारतात आलं आणि बऱ्हाणपुरातून कामाला लागलं. १८९० च्या दशकात यवतमाळ हे या मिशनचं मुख्य ठाणं झालं. शेजारी अकोला, अमरावती, खामगाव या पट्ट्यात ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स काम करत होती. तिचे संस्थापक ए. बी. सिम्पसन यांची शिकवण चार पायांवर उभी होती. येशू तारणारा, पवित्र करणारा, बरा करणारा आणि येणारा राजा. सर्व राष्ट्रांपर्यंत शुभवर्तमान पोचलं, की राजा येईल, म्हणून घाई करा, हा त्या शिकवणीचा व्यवहार.

याच्याआधीची पिढी वेगळ्या आशेने आली होती. १८१३ मध्ये मुंबईत पोचलेले अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल यांनी सॅम्युएल न्यूएल यांच्यासह जगाच्या ख्रिस्तीकरणावर १८१८ मध्ये एक पुस्तक काढलं, तेव्हा शुभवर्तमान न पोचलेली माणसं साठ कोटी धरून त्यांनी हिशेब मांडला. त्या पिढीची धारणा अशी, की शुभवर्तमान पसरत जाईल, जग हळूहळू सुधारेल, सुवर्णकाळ येईल आणि मग ख्रिस्त येईल. ऐंशी-नव्वद वर्षांनी वऱ्हाडात आलेल्या अनेकांना जग सुधारेल असा भरवसा उरला नव्हता, त्यांना वेळ कमी दिसत होता. मात्र जागृतीची अपेक्षा दोन्ही पिढ्यांना होती. पहिलीला ती सुवर्णकाळाची पहाट वाटली, दुसरीला कापणीआधीची शेवटची सर.

यवतमाळमध्ये या अपेक्षेला मिळालेलं रूप बघण्यासारखं आहे. फ्री मेथडिस्ट मिशनने तिथे मराठी पाळक-प्रचारक घडवण्यासाठी बायबल शाळा चालवली. १९५३ मध्ये इव्हँजेलिकल फेलोशिप ऑफ इंडियाच्या छत्राखाली वेगवेगळ्या मंडळ्या एकत्र आल्या आणि यवतमाळला युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली. ख्रिस्ती लोकसंख्या एक टक्क्याहूनही कमी असलेल्या या जिल्ह्यात तीस वर्षं देशभरातून विद्यार्थी येत राहिले. १९०५-०६ च्या जागृतीने ज्यांच्या आजी-आजोबांची गावं बदलली, त्या ईशान्य भारतातूनही आले. १९८३ मध्ये सेमिनरी पुण्यात बिबवेवाडीला हलली.

शंका आणि मतभेद

इतक्या मंडळ्यांना एका वर्गात बसवायचं तर अखेरच्या काळाचं सगळं वेळापत्रक एकमताने ठरणं अशक्य. म्हणून अशा संयुक्त संस्थांच्या विश्वासाच्या जाहीरनाम्यात ख्रिस्ताचं प्रत्यक्ष पुनरागमन ठामपणे असतं. सहस्र वर्षं आधी की नंतर, संकटकाळ कुठून कुठवर, असे तपशील ज्याच्या त्याच्या अभ्यासावर सोडलेले असतात.

'शेवटचा पाऊस' या अर्थावरही आक्षेप आहेत. योएलच्या उताऱ्यातला पाऊस साधा शेतातला पाऊस आहे, त्याला इतिहासाचा नकाशा मानणं ओढाताणीचं आहे, असं बरेच भाष्यकार म्हणतात. रोमन कॅथलिक आणि जुन्या प्रोटेस्टंट परंपरांत भर असतो तो मंडळीत अखंड वावरणाऱ्या आत्म्यावर, शेवटच्या एका लाटेवर नाही. शिवाय प्रत्येक लाटेला 'हीच शेवटची' म्हणण्याचा मोह असतो. १९४८ मध्ये कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतात निघालेल्या एका चळवळीने 'शेवटचा पाऊस' हेच नाव घेतलं. पुढच्याच वर्षी असेंब्लीज ऑफ गॉड या पेन्टेकॉस्टल मंडळीनेच तिच्या शिकवणुकीवर हरकत घेतली. तारखांचा इतिहास तर त्याहून वाईट. विल्यम मिलर यांच्या अनुयायांनी १८४४ च्या ऑक्टोबरात ख्रिस्ताची वाट पाहिली आणि त्यांच्या पदरी निराशा आली. तो दिवस आणि ती घटका कुणालाच ठाऊक नाही, हे मत्तयाच्या त्याच चोविसाव्या अध्यायात स्पष्ट असूनही.

मग ही श्रद्धा पारखायची कशी? बाहेरच्या माणसाला आत्म्याचा वर्षाव मोजता येत नाही. त्यानंतर माणसं कामाला लागली का, ते मात्र दिसतं. मिनी अब्रम्स यांनी शेवट जवळ आला म्हणून १९१० मध्ये स्त्रियांचं एक मिशन उभारून उत्तर भारताची वाट धरली आणि १९१२ मध्ये कामावर असतानाच त्या वारल्या. रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षं हिब्रू आणि ग्रीकमधून बायबलचं मराठी भाषांतर करण्यात घालवली. १९२२ मध्ये त्या गेल्या आणि १९२४ मध्ये मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्याच बायकांनी खिळे जुळवून ते पूर्ण छापलं. जग उद्या संपणार असं निव्वळ मानणारा माणूस वीस वर्षांचं भाषांतर हाती घेत नाही आणि सेमिनरीच्या इमारतीही बांधत नाही. याकोबाने सांगितलेला शेतकरी पावसाची वाट पाहतो, पण तोवर वखर-निंदण सोडत नाही. महाराष्ट्रातल्या या परंपरेत जे टिकलं, ते तारखा सांगणाऱ्यांनी घडवलेलं नाही. वेळ थोडा आहे असं मानूनही जे लांब पल्ल्याचं काम घेऊन बसले, त्यांनी ते घडवलं.

(पुढील भागात : मिलर यांच्या १८४४ च्या निराशेनंतर त्यांच्या अनुयायांनी पुढे काय केलं, आणि चुकलेल्या भाकितातून नव्या मंडळ्या कशा जन्मल्या.)