थंडरबर्ड : अनेक खात्यांचे टपाल, एक खिडकी

ईमेल ही एखाद्या कंपनीची सेवा नसून परस्परांशी ठरलेल्या भाषेत बोलणाऱ्या असंख्य सर्व्हरांची सार्वजनिक व्यवस्था आहे, हे ब्राउझरमध्ये टपाल वाचणाऱ्याच्या सहसा लक्षात येत नाही. कारण तेथे जीमेलचे खाते जीमेलच्या पानावर आणि याहूचे याहूच्या पानावर उघडते व प्रत्येक पुरवठादार म्हणजे एक वेगळे टपालखातेच भासू लागते. वेगवेगळ्या पुरवठादारांकडील खाती एकाच खिडकीत आणून या व्यवस्थेचे मूळ रूप दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला ईमेल क्लायंट म्हणतात. नेटस्केप कंपनीने 1998 मध्ये आपल्या ब्राउझरसंचाची संहिता सर्वांसाठी खुली केली, त्यातून मोझिला प्रकल्प उभा राहिला आणि त्या प्रकल्पातील टपालाचा भाग वेगळा होऊन 7 डिसेंबर 2004 रोजी थंडरबर्डची 1.0 ही आवृत्ती प्रसिद्ध झाली.

अशा प्रोग्रॅमचा आधार असतो तो प्रोटोकॉलचा, म्हणजे दोन यंत्रांनी संवादासाठी मान्य केलेल्या नियमांचा. पत्र पाठवण्यासाठीचा एसएमटीपी हा प्रोटोकॉल जॉन पोस्टेल यांनी 1982 मध्ये लिहून प्रसिद्ध केला. आलेले पत्र सर्व्हरवरून उतरवून घेण्याचा पॉप 1984 मधला, तर मार्क क्रिस्पिन यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात रचलेला आयमॅप 1986 मधला आहे. पॉपच्या मूळ कल्पनेनुसार पत्र वाचकाच्या संगणकावर येते आणि सर्व्हरवरची जागा रिकामी होते. आयमॅपमध्ये मात्र मूळ पत्र सर्व्हरवरच राहते, संगणकावर त्याची प्रत दिसते आणि वाचल्याची खूण किंवा पुसण्याची क्रिया सर्व्हरवर नोंदली जाते. म्हणून थंडरबर्डमध्ये पुसलेले पत्र फोनवरूनही जाते.

खाती एकत्र आणणे आणि ती एकमेकांत मिसळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि थंडरबर्डचे खरे कसब हा भेद सांभाळण्यात आहे. पॉपच्या खात्यांसाठी त्यात सामाईक इनबॉक्सची जुनी सोय आहे, पण तेथे सगळ्या खात्यांची पत्रे खरोखरच एका फोल्डरात जाऊन पडतात आणि कोणते पत्र कोणत्या खात्याचे हे प्रोग्रॅमने पत्रात लिहून ठेवलेल्या एका अदृश्य ओळीवरूनच कळते. 2009 च्या तिसऱ्या आवृत्तीतील एकत्रित फोल्डर हे याहून कितीतरी शहाणपणाचे आहेत : सर्व इनबॉक्स वाचकाला एका यादीत दिसतात, पत्रे मात्र आपापल्या जागेवरून हलत नाहीत, त्यामुळे उद्या एखादे खाते काढून टाकले तरी बाकीच्यांना धक्का लागत नाही.

हा भेद सर्वाधिक महत्त्वाचा ठरतो तो उत्तर पाठवताना. थंडरबर्डमध्ये पाठवणारे सर्व्हर खात्यांपासून वेगळ्या यादीत ठेवलेले असतात आणि ‘ओळख’ नावाची नोंद, म्हणजे पाठवणाऱ्याचे नाव, पत्ता व स्वाक्षरी, त्यांतील एका सर्व्हरशी जोडलेली असते. एका खात्याला अशा अनेक ओळखी देता येतात. आपल्या नावाने कोणते सर्व्हर पत्र पाठवू शकतात याची यादी आता बहुतेक डोमेन जाहीर करतात, त्या पद्धतीला एसपीएफ म्हणतात. संस्थेच्या पत्त्यावरचे पत्र खासगी खात्याच्या सर्व्हरवरून निघाले, तर घेणारा सर्व्हर ती यादी तपासून त्या पत्राला स्पॅममध्ये टाकू शकतो किंवा थेट नाकारू शकतो. नवे खाते जोडताना बहुतेकांचे लक्ष पत्र येते की नाही याकडे असते, पण निघणाऱ्या पत्राची ही जोडणी तपासणे अधिक गरजेचे आहे.

पुरवठादारांनी अलीकडे साध्या पासवर्डाची वाट बंद करत आणली आहे. मायक्रोसॉफ्टने आपल्या एक्स्चेंज ऑनलाइन सेवेत ऑक्टोबर 2022 पासून ती टप्प्याटप्प्याने बंद केली. तिच्या जागी आलेल्या ओऑथ पद्धतीत वाचक पुरवठादाराच्याच पानावर संमती देतो आणि प्रोग्रॅमला पासवर्डाऐवजी मर्यादित परवाना मिळतो. ही पद्धत निःसंशय अधिक सुरक्षित आहे, परंतु तिच्यासाठी प्रोग्रॅमची पुरवठादाराकडे आधी नोंदणी लागते, म्हणजे खुल्या व्यवस्थेच्या दारावर आता पुरवठादाराचा पहारा बसला आहे, आणि ही चिंतेची बाब आहे.

खुद्द थंडरबर्डचेही दिवस एकदा फिरले होते. 2012 मध्ये मोझिलाने त्यात नव्या सोयींची भर घालण्याचे काम थांबवून तो प्रामुख्याने स्वयंसेवकांच्या हाती सोपवला. वापरणाऱ्यांच्या देणग्यांवर तो तगला आणि 2020 मध्ये मोझिला फाउंडेशनच्या मालकीच्या एमझेडएलए या स्वतंत्र कंपनीकडे गेला. 2022 मध्ये के-9 मेल हा अँड्रॉइडवरील जुना प्रकल्प त्याला येऊन मिळाला आणि ऑक्टोबर 2024 मध्ये त्याच पायावर थंडरबर्डची फोनवरील आवृत्ती आली. संगणकाच्या पडद्यावरील क्यूआर कोड फोनने टिपला, की खाती, ओळखी आणि पाठवणाऱ्या सर्व्हरांच्या जोडण्या फोनमध्ये उतरतात. आयमॅपची पत्रे नेण्याची गरज पडत नाही, कारण ती अजूनही आपापल्या सर्व्हरवरच असतात.