देशी गाईचे तूप आणि हृदयरोगी

“डॉक्टर, देशी गाईचे तूप चालते ना? ते रक्तात साठत नाही म्हणतात.” हृदयविकाराच्या रुग्णांकडून हा प्रश्न आम्हा डॉक्टरांना हमखास येतो. काही जण तर त्या भरवशावर कोलेस्टेरॉलच्या गोळ्याही बंद करून बसतात. तेव्हा जनावराच्या जातीने चरबी खरोखर किती बदलते, ते पाहू.

बदलते, यात शंका नाही. जपानच्या ‘वाग्यू’ गुरांच्या मांसात चरबीचे बारीक जाळे असते. शेंगदाणा तेलात भरपूर असणारे ओलेइक आम्ल, म्हणजे असंपृक्त मेदाम्ल, या चरबीत इतर जातींपेक्षा जास्त असते. म्हणून ती कमी उष्णतेला वितळते. आपल्या राज्यात गोमांसाचा प्रश्नच येत नाही. गाईंसाठी १९७६ चा कायदा आहे आणि २०१५ पासून बैल व वळूही त्यात आले आहेत. सणसर, भवानीनगर, बेलवाडी भागात जातीचा संबंध येतो तो दुधाशी.

खिलार हे मुळात शेतकामाचे, ओढकामाचे जनावर, दूध बेताचेच. मणिभाई देसाई यांनी १९६७ साली उरुळीकांचनला ‘बायफ’ संस्था काढली आणि गोठलेल्या रेतनाद्वारे संकरित गाय गोठ्यागोठ्यात पोहोचली. (आपल्याकडे काळ्या-पांढऱ्या होल्स्टीन संकरित गाईलाही सरसकट ‘जर्सी’च म्हणतात!) होल्स्टीनच्या दुधात फॅट साडेतीन टक्क्यांच्या आसपास, खऱ्या जर्सीत साडेचार ते पाच, आणि चांगल्या म्हशीत सात टक्के लागते. ‘डीजीएटी-१’ नावाचे एक जनुक यात हातभार लावते. त्याचा फॅट वाढवणारा प्रकार म्हशींत आणि देशी वंशाच्या गाईंत जवळजवळ सर्वत्र आढळतो.

पण जातीने बदलते ते मुख्यतः चरबीचे प्रमाण. चरबीचा प्रकार त्या मानाने थोडाच बदलतो. गाय हिरवा घास खावो की उसाचे वाढे, वैरणीतील असंपृक्त मेदाम्लांचा मोठा भाग पहिल्या पोटातले जिवाणू संपृक्त करून टाकतात. त्यामुळे गीर असो, होल्स्टीन असो वा म्हैस, दुधाच्या चरबीचा सुमारे दोन तृतीयांश भाग संपृक्तच असतो. रक्तातले घातक कोलेस्टेरॉल वाढवतो तो हाच भाग. चाऱ्यामुळे थोडा फरक पडतो, हिरव्या चाऱ्यावर ओलेइक आम्ल काहीसे वाढते, पण त्याने तुपाचे तेल होत नाही. गाईच्या तुपाचा पिवळा रंग कॅरोटीनचा. म्हैस त्याचे ‘अ’ जीवनसत्त्व करून टाकते, म्हणून तिचे तूप पांढरे. ‘ए-टू’ची जाहिरात हल्ली फार दिसते. ए-टू हा दुधातल्या प्रथिनाचा प्रकार आहे, चरबीशी त्याचा संबंध नाही.

आता हिशेब करा. दिवसाला २००० कॅलरी आहार असलेल्या माणसाने संपृक्त चरबी २२ ग्रॅमच्या आत ठेवावी, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीवरून निघते. म्हशीच्या अर्धा लिटर दुधात ३५ ग्रॅम फॅट, त्यातली सुमारे २३ ग्रॅम संपृक्त. म्हणजे दोन मोठ्या पेल्यांतच दिवसाचा कोटा संपला. भाजीचे तेल आणि पोळीवरचे तूप अजून बाकीच आहे. साडेतीन फॅटच्या तेवढ्याच गाईच्या दुधात ती सुमारे १२ ग्रॅम. आणि तूप? चहाचा एक चमचा म्हणजे सुमारे तीन ग्रॅम संपृक्त चरबी, गाय कोणतीही असो.

डेअरीत फॅट चांगली लागली की शेतकऱ्याला दर मिळतो. त्याने ती वाढवावीच. घरात ज्याला हृदयविकार किंवा मधुमेह आहे त्याच्यासाठी मात्र दूध तापवून, थंड करून साय काढावी आणि पुन्हा एकदा तसेच करावे. बरीच चरबी निघते, प्रथिने आणि कॅल्शियम दुधातच राहतात. ही काटकसर दोन वर्षांच्या आतल्या मुलांना लावू नये. गोळ्या चालू असताना तूप कमी केले म्हणून त्या स्वतःहून सोडू नयेत. दोन-तीन महिन्यांनी उपाशीपोटी रक्ताची तपासणी करून अहवाल आपल्या डॉक्टरांना दाखवावा.