घोडा कुठलाही जिंको, कात्री पंटरच्या खिशाला!

बंगळुरूच्या रेसकोर्सवर जुलैत उन्हाळी मोसमाची डर्बी आणि जानेवारीत हिवाळी डर्बी रंगते. डर्बी जवळ आली की टिपांना ऊत येतो आणि प्रत्येक पंटरकडे पैसे लावण्याचं स्वतःचं 'गणित' तयार असतं. या गणितांत तथ्य किती?

घोडदौड हा निव्वळ नशिबाचा नव्हे, कौशल्याचा खेळ आहे, असा निकाल सुप्रीम कोर्टानं १९९६ साली दिला. जाणकार पंटर खरंच अभ्यास करतो. घोडा आधी कसा धावला, अंतर किती, जॉकी कोण, पावसानं ट्रॅक मऊ झालाय का, हे सारं तो बघतो. पण हॅण्डिकॅप शर्यतीत सरस घोड्याच्या पाठीवर जास्त वजन देतात, ते सगळ्यांना बरोबरीत आणण्यासाठीच! त्यामुळे अभ्यासालाही मर्यादा पडते.

मग पंटर युक्त्यांकडे वळतो. सर्वांत लाडकी युक्ती म्हणजे हरलं की पुढच्या शर्यतीत दुप्पट लावायचं. १०० रुपयांपासून सुरुवात करून लागोपाठ सात वेळा हरलात, तर १२,७०० रुपये गेलेले असतात. आठव्यांदा १२,८०० लावायचे आणि बरोबरीच्या भावानं जिंकलात, तर एकूण फायदा किती? फक्त १०० रुपये!

दुसरं आकर्षण जॅकपॉटचं. लागोपाठच्या पाच शर्यतींचे विजेते ओळखायचे. प्रत्येक शर्यतीत १० घोडे धरले तर एक लाख शक्यता होतात. 'तानाला'त पहिले तीन घोडे क्रमानं सांगायचे असतात. तिथे दहा घोड्यांत ७२० शक्यता निघतात. त्या मानानं 'क्विनेला' सोपा. पहिले दोन घोडे कुठल्याही क्रमानं चालतात, तरी शक्यता ४५ आहेतच.

बरं, सगळ्याच घोड्यांवर थोडे थोडे लावले तर? समजा, चार घोड्यांवर बुकीचे भाव रुपयाला एक, दोन, चार आणि नऊ रुपये नफा असे आहेत. कुठलाही घोडा जिंकला तरी १०० रुपये हाती यावेत, यासाठी सुमारे ११३ रुपये लावावे लागतात. वरचे १३ बुकीचे. टोटवरही आधी कपात होते आणि उरलेली रक्कम विजेत्यांत वाटली जाते.

त्यात सरकारचा वाटा वेगळा. लावलेल्या पूर्ण रकमेवरचा २८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला. १०,००० रुपयांहून मोठ्या बक्षिसावर ३० टक्के टीडीएस कापला जातो. हरलेले पैसे मात्र प्राप्तिकरात या कमाईतून वजा करता येत नाहीत.

परदेशातही वेगळं काही नाही. इंग्लंडमधली ग्रँड नॅशनल ही अडथळ्यांवरून उड्या मारत धावायची शर्यत. १९६७ साली एका अडथळ्यापाशी घोडे एकमेकांवर आदळले, जाणकारांचे सगळे अंदाज कोसळले आणि रुपयाला १०० भाव असलेला फॉइनावॉन जिंकला!

तेव्हा रेसला जायचंच असेल, तर सिनेमाला काढून ठेवतो तशी रक्कम आधीच बाजूला काढावी. मुलांची फी आणि घराचा हप्ता यांना हात लावू नये, उसने तर मुळीच घेऊ नयेत. ठरलेले पैसे संपले की तिकीटखिडकीकडे पाठ फिरवावी आणि निवांत घोडे बघावेत. ते धावतात छानच!