सहा दिवसांची सायकल

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माझा भाचा मोबाइल घेऊन आला आणि त्यानं एका सायकलचा फोटो माझ्यापुढे धरला. "मामू, ही कशी वाटते?" सायकल दिसायला झकास होती. ट्रॅक्टरला शोभतील असे जाड टायर, पुढे शॉकर, मागे शॉकर, दोन्ही चाकांना डिस्कब्रेक, एकवीस गिअर. किंमत साडेदहा हजार. मी विचारलं, "चालवणार कुठे?" तो म्हणाला, "रोज कामावर. आणि रविवारी मित्रांबरोबर ट्रेलवर."

आता ही ट्रेल म्हणजे काय, तर पनवेलहून सुकापूर, नेरे, वाजे करत धोदाणीकडे जाणारा रस्ता आणि तिथल्या गाढेश्वर धरणाच्या आजूबाजूच्या मातीच्या वाटा. मला हसू आलं. कारण याच वाटांनी माझे अब्बा पाव विकायला जात. कॅरिअरवर पत्र्याची पेटी, पेटीत पाव, बटर, खारी आणि खाली काळी, दांडीची, २८ इंची सायकल. गिअर नाही, शॉकर नाही. आपण ट्रेलवर आहोत, हे त्यांना कधी कोणी सांगितलंच नाही.

पण भाच्याला सायकलची गरज खरी होती. त्याचं काम कळंबोलीच्या लोखंड-पोलाद बाजारात. घरापासून सहा-सात किलोमीटर. जाऊन-येऊन रोजचे साठ रुपये खर्च होतात आणि महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर पंधराशे साठ. नव्या नोकरीच्या पगारातून एवढे पैसे नुसते रस्त्यावर सांडायचे, हे त्याच्या आईला खुपत होतं. म्हणून ठरवलं की सायकल घ्यायची. घ्यायची ती मात्र आठवड्यातले सहा दिवस जिथं चालवायची त्या रस्त्याला बघून. सातव्या दिवसाचं त्यातच भागवता येतं. हे मी त्याला ठासून सांगू शकलो, याचं कारण आमच्या गॅलरीत लटकलेलं आहे. माझ्या मुलासाठी मी एकदा अशीच दोन शॉकरची सायकल घेतली होती. दुसऱ्या पावसाळ्यात मागचा शॉकर गंजून बसला आणि तिसऱ्या पावसाळ्यात मुलगाही. आता तिच्यावर कपडे वाळत घालतो.

शॉकरचं एवढं कौतुक असतं, म्हणून आधी तेच बघू. चांगल्या शॉकरमध्ये स्प्रिंगच्या जोडीला तेलाची नाहीतर हवेची योजना असते. खड्ड्यात चाक गेलं की स्प्रिंग दबते आणि ही योजना तिला सावकाश परत येऊ देते. स्वस्त सायकलच्या शॉकरमध्ये बहुधा नुसती स्प्रिंग असते. ती दबते आणि उसळते, दबते आणि उसळते. चढावर आपण पायडलवर जोर देतो, तेव्हाही ती दबतेच. म्हणजे पायाचा जोर चाकाकडे जायच्या आधी स्प्रिंगच खाऊन टाकते. शिवाय वजन वाढतं. पुढच्या शॉकरचं साध्या चिमट्यापेक्षा किलो-दीड किलो जास्त, मागचा असेल तर आणखी. मागे शॉकर असला की साधं कॅरिअर नीट बसत नाही. मग डबा, रेनकोट पाठीवरच्या पिशवीत आणि पाठ घामानं भिजलेली.

खरा शॉकर टायरमधली हवा. दीड ते दोन इंच रुंदीचा टायर खडबडीत रस्त्याचे बरेचसे धक्के पोटात घेतो. किती हवा भरायची हे टायरच्या कडेवरच लिहिलेलं असतं. डांबरी रस्त्यावर पन्नास-साठ पौंड, आणि मातीच्या वाटेला लागताना दहा-पंधरा पौंड कमी करायची. तेवढ्यानं सायकलचा स्वभाव बदलतो. फक्त टायरची नक्षी खोल, खुंट्याखुंट्यांची नको. डांबरावर ती घूं घूं आवाज करते, जड जाते आणि लवकर झिजते. मध्ये सलग पट्टा आणि कडेला थोड्या खाचा असलेला टायर दोन्हीकडे चालतो.

टायरच्या मापाचा घोळ तर विचारूच नका. दुकानदार "सव्वीस", "सत्तावीस पॉइंट पाच", "एकोणतीस", "सातशे" असे आकडे फेकतो आणि आपण मान डोलावतो. टायरच्या कडेवर बारीक अक्षरांत ५०-५५९ असा एक जोड-आकडा असतो, तो वाचा. पहिला आकडा म्हणजे टायरची रुंदी, दुसरा म्हणजे टायर रिमवर जिथं बसतो तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. जाड टायरच्या सव्वीस इंचीचा व्यास ५५९, साडेसत्तावीसचा ५८४. आणि गंमत अशी की एकोणतीस इंची आणि सातशे, या दोन्हींचा व्यास एकच, ६२२. अब्बांच्या २८ इंचीचा त्याहून मोठा, ६३५. नाव लहान आणि चाक मोठं! हा आकडा माहीत असला की चुकीचा टायर गळ्यात पडत नाही. घेण्याआधी आपल्या नाक्यावरच्या सायकलवाल्याला विचारायचं, "या मापाची ट्यूब तुझ्याकडे असते का?" तो नाही म्हणाला, तर ती सायकल कितीही छान असली तरी पावसात पंक्चर झाल्यावर ढकलत न्यायची तयारी ठेवा.

अब्बांची सायकल ॲटलासची. या कंपनीच्या साहिबाबादच्या कारखान्याचं काम ३ जून २०२० रोजी थांबलं, आणि तो नेमका जागतिक सायकल दिन. बातमी वाचून मला कोणीतरी घरचं गेल्यासारखं वाटलं. पण त्या घडणीच्या सायकलींचे सुटे भाग आजही मिळतात, कारण या कंपनीचे त्या कंपनीला चालत आले आहेत. त्या घडणीत शहाणपण होतं. चाक मोठं, त्यामुळे लहान खड्ड्यात ते पडत नाही, वरून जातं. पुढचा चिमटा पुढे झुकलेला, सीटखाली स्प्रिंगा. खराब रस्त्यासाठीच ती केलेली. मग भाच्याला मी तीच का नाही घ्यायला सांगितली? एक म्हणजे वजन. वीस किलोच्या आसपास. आणि दुसरं, सळईचे ब्रेक. पोलादी चकचकीत रिम ओली झाली की रबर तिच्यावरून नुसतं घसरतं. अब्बा पावसात उतारावर खाली उतरून चालत. घाई नसलेल्या माणसाला ते जमतं. कळंबोलीच्या रस्त्यावर ते जमणार नाही.

ब्रेकबद्दल मी कंजुषी करू देणार नव्हतो. ॲल्युमिनियमची रिम आणि दोन्ही बाजूंनी दाबणारे व्ही-ब्रेक, ही जोडी ओल्या रस्त्यावर पोलादी रिमपेक्षा कितीतरी भरवशाची. रबरं झिजली तर थोडक्या पैशांत घरी बदलता येतात. डिस्कब्रेक पावसात आणि चिखलात जास्त चांगले, हे खरं आहे. पण स्वस्त सायकलवरचे डिस्क सारखे घासतात, सारखे जुळवावे लागतात. स्टेशनच्या सायकलींच्या गर्दीत कोणी आपली सायकल ओढली आणि ती पातळ चकती वाकली, तर झालंच. बजेट मोठं असेल तर डिस्क घ्या. दहा-बारा हजारांत नको.

गिअरचं गणितही आकड्यांना भुलण्यासारखं नाही. पुढच्या चक्रीला ४४ आणि मागच्या चक्रीला १८ दाते असतील, तर पायडलच्या एका फेऱ्यात चाक जवळजवळ अडीच वेळा फिरतं. २८ इंची चाकाचा घेर सव्वादोन मीटरच्या आत-बाहेर, म्हणजे एका फेऱ्यात साडेपाच मीटर. सपाटीला उत्तम, चढावर मांड्या भरून येतात. तेच पुढे ३८ आणि मागे २८ दात्यांवर चेन टाकली, तर सव्वीस इंची चाकावर एका फेऱ्यात तीन मीटरच्या आत. जोर कमी, फेरे जास्त. पनवेलचा उड्डाणपूल असो की नेऱ्यापुढचे चढ, एवढ्यात आरामात भागतं. पुढे एक चक्री आणि मागे सात, बस्स. एकवीस गिअरमधले बरेचसे एकमेकांची नक्कलच असतात, आणि पुढची गिअर बदलणारी यंत्रणा ही बिघडायची आणखी एक जागा. धोदाणीवरून माथेरानच्या सनसेट पॉइंटकडे जी पायवाट चढते, तिथं तर एकवीस काय आणि एक काय, सायकल खांद्यावरच घ्यावी लागेल.

भाच्याला मध्येच वाकड्या हँडलची हौस आली. ती आम्हालाही होती. मुंबई-पुणे सायकल शर्यत जुन्या महामार्गावरून जायची, आम्ही पोरं कडेला उभं राहून बघायचो. बोरघाट सर्वांत आधी चढेल तो 'घाटाचा राजा'. पण ज्याला रोज गर्दीतून मान वर करून मागे-पुढे बघत जायचं, त्याला सरळ हँडलच हवं. कारण पळस्पे फाटा, पनवेल, कळंबोली या पट्ट्यात कंटेनर आणि लोखंडाचे ट्रेलर दिवसरात्र चालू असतात. कळंबोलीलाच द्रुतगती मार्ग सुरू होतो. त्याच्यावर सायकलला मनाई आहे, पण तिकडे वळणारी अवजड वाहनं सायकलवाल्याच्या अंगावरूनच वळतात.

इथं मी जरा रेंगाळतो. आमच्या मोहल्ल्यातले एक चाचा सिग्नलला ट्रेलरच्या डाव्या बाजूला सायकल लावून उभे राहिले. सिग्नल सुटला, ट्रेलर डावीकडे वळला. चाचा उडी मारून वाचले, सायकल चाकांखाली गेली. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो. त्याच्या डाव्या दरवाजाखालची जागा त्याला जवळजवळ दिसत नाही. आणि लांब गाडी वळते, तेव्हा मागची चाकं पुढच्या चाकांच्या रेषेत येत नाहीत, आतून कापत येतात. म्हणून ट्रेलरच्या डावीकडे शिरायचंच नाही. त्याच्या मागे थांबायचं. मागे लाल दिवा, पुढे पांढरा दिवा आणि घंटा, हे सायकलच्या किमतीतच धरायचं. भाचा म्हणाला, "दिवे नंतर घेऊ." मी म्हटलं, "मग सायकलपण नंतर घेऊ."

मडगार्ड, कॅरिअर, स्टँड या वस्तू आजकालच्या 'स्पोर्ट्स' सायकलींना नसतात. असल्या तर प्लास्टिकचा एक तुकडा असतो. हजार-दीड हजार त्याचे वेगळे. फ्रेमला ते बसवायची भोकं आहेत का, हे दुकानात वाकून बघायचं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत मडगार्डविना कामावर जाणाऱ्याच्या पाठीवर चिखलाची जी रेघ उठते, ती साहेबालाही दिसते.

फ्रेम पोलादी की ॲल्युमिनियमची? पोलादी फ्रेम तुटली तर कुठलाही वेल्डर जोडून देतो, पण खाडीची दमट हवा आणि पाऊस मिळून ती आतून गंजते. ॲल्युमिनियमची गंजाला दाद देत नाही, हलकी असते, मात्र तुटली की तुटलीच. मला दोन्ही चालतील. माप मात्र चुकता कामा नये. दांडीवर पाय टाकून उभं राहिल्यावर मध्ये दोन-चार बोटांची जागा हवी, आणि सीटवर बसून पायडल अगदी खाली नेलं की गुडघा किंचित वाकलेला राहावा. आपल्याकडे नव्वद टक्के लोकांच्या सीटी खाली असतात असा माझा अंदाज आहे, आणि मग ते म्हणतात, सायकलनं गुडघे दुखतात.

खोक्यातून आलेली सायकल घरी जोडायचा उत्साह तरुण मंडळींना असतो. जोडा, पण डाव्या पायडलचे आटे उलटे असतात हे ध्यानात ठेवा. पान्ह्यानं जोर लावून आटे खाल्लेल्या कितीतरी नव्या सायकली मेकॅनिककडे येतात. शेवटचा हात त्याच्याकडून फिरवून घेणंच बरं. चाकाचा आउट त्यानं काढून द्यावा आणि महिन्याभरानं पुन्हा दाखवावी, कारण नव्या तारा ढिल्या पडतात, ब्रेकच्या केबल ताणल्या जातात. चेन पुसून तेल द्यायचं, पावसाळ्यात दर चार दिवसांनी. खोबरेल तेल नको, ते थंडीत गोठतं.

शेवटी काय घेतलं? सव्वीस इंची, पुढे साधा चिमटा, ॲल्युमिनियमच्या रिम, व्ही-ब्रेक, मागे सात गिअर. दिवे, मडगार्ड, कॅरिअर, कुलूप धरून तेरा हजार आठशे. सायकलींवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून बारा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आला, त्याचाही हातभार लागला. नऊ महिन्यांत पैसे वसूल होतील असा हिशेब बहिणीनं कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवला आहे.

पहिल्याच रविवारी तो धोदाणीपर्यंत जाऊन आला. एका वाडीवर पाण्यासाठी थांबला, तर तिथल्या म्हाताऱ्या आजीनं विचारलं, कुठून आलास? पनवेल म्हटल्यावर म्हणाली, पूर्वी पनवेलहून एक पाववाला यायचा, पेटीवर थाप मारून हाक द्यायचा. भाच्यानं घरी येऊन ते सांगितलं, तेव्हा बहीण बराच वेळ काही बोलली नाही.

पुढच्या रविवारी मलाही चला म्हणतो आहे. माझ्यासाठी मित्राची सायकल मागून ठेवली आहे. तिला दोन शॉकर आहेत, म्हणाला.