छपरावरची वीज बसविणार कोण?

पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झाली आणि गृहनिर्माण संस्थांच्या सभांत सौरऊर्जेचा विषय हिरिरीने निघू लागला. एक कोटी घरांवर सौरसंच, ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद, तीन किलोवॉटच्या संचाला ७८ हजार रुपयांचे अनुदान, हे आकडे पुष्कळांना पाठ आहेत. मात्र हा संच छपरावर चढविणारा माणूस कोण आणि तो हे काम कोठे शिकला, याची चौकशी क्वचितच होते.

अनुभवी वायरमनला हे काम सहज जमेल, असा समज आहे. तो अर्धाच खरा. घरातील वीज प्रत्यावर्ती असते. तिचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे स्विच बंद करताना उडालेली ठिणगी लगेच विझते. सौर पॅनेलमधून येणारा प्रवाह एकदिश असतो, तो शून्यावर येतच नाही. जोडणी सैल राहिल्यास तेथील ठिणगी जळत राहते आणि तारेचे आवरण पेट घेऊ शकते. त्यातच पॅनेल एकापुढे एक जोडल्याने विद्युतदाब काहीशे व्होल्टपर्यंत चढतो. मेन स्विच पाडला, तरी ऊन आहे तोवर पॅनेलच्या तारांत वीज असतेच. वर्षानुवर्षे मेन स्विचवर भरवसा ठेवलेल्या हातांना हे नव्याने शिकावे लागते.

विजेखेरीजही बरेच काही आहे. पॅनेलचे तोंड दक्षिणेकडे आणि कल साधारण त्या गावाच्या अक्षांशाइतका हवा. पाण्याच्या टाकीची सावली एकाच पॅनेलवर पडली, तरी संपूर्ण रांगेची निर्मिती घटू शकते. सांगाडा वाऱ्याला टिकला पाहिजे. जून २०२० मधील निसर्ग चक्रीवादळाने रायगड-रत्नागिरीत उडविलेली छपरे कोकणवासीय विसरलेले नाहीत. शिवाय गच्चीच्या कडेवर कमरेला पट्टा बांधून काम करण्याची शिस्त, जी आपल्याकडे एकूणच दुर्मीळ आहे.

हे शिकविण्याची सोय नाही, असे नाही. हरित रोजगारासाठीची कौशल्य परिषद २०१५ मध्येच स्थापन झाली. त्याच वर्षी गुरुग्रामच्या राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेच्या देखरेखीखाली 'सूर्यमित्र' हा सुमारे ६०० तासांचा निःशुल्क, निवासी अभ्यासक्रम देशभर सुरू झाला. दहावीनंतर आयटीआय केलेल्या तरुणांसाठी तो आखलेला होता. अडचण प्रमाणपत्र हाती पडल्यावर सुरू होते. तीन किलोवॉटचा संच दोन-तीन दिवसांत बसतो. कंत्राटदाराला एक जाणता माणूस आणि दोन-तीन मदतनीस पुरतात, तेही कामापुरते. ग्राहक कंपनीची नोंदणी पाहतो. छपरावर चढणाऱ्याचे प्रमाणपत्र सहसा कोणी मागत नाही. मग शिकलेल्याला न शिकलेल्यापेक्षा अधिक मजुरी का मिळावी?

संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम, आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आदींच्या २००८ मधील अहवालाने हरित रोजगाराला पुरेसे वेतन आणि सुरक्षित परिस्थितीची अट जोडली होती. केवळ सौर पॅनेल हाताळले म्हणून काम हरित ठरत नाही, ही भूमिका रास्तच म्हणावी लागेल.

या बाबतीत राजस्थानातील तिलोनियाच्या बेअरफूट कॉलेजचा अनुभव पाहण्याजोगा आहे. तेथे लिहिता-वाचता न येणाऱ्या ग्रामीण स्त्रिया सौरदिव्यांची जुळणी आणि दुरुस्ती शिकल्या, तीही रंग ओळखून आणि हाताने करून. परंतु खरी गोम पुढे आहे. गावी परतल्यावर घराघरांतून मासिक वर्गणी जमते आणि त्यातून दुरुस्ती करणारीला मोबदला मिळतो. म्हणजे कौशल्यासोबत त्याचा कायमचा ग्राहकही उभा राहिला.

शहरांतही टिकाऊ रोजगार बसविण्यापेक्षा देखभालीत अधिक आहे. पॅनेलचे आयुष्य सुमारे २५ वर्षे. इन्व्हर्टर बहुधा त्याआधीच बदलावा लागतो, आणि धूळ तर रोजचीच. सूर्यघर योजनेत पुरवठादारावर देखभालीची जबाबदारी पाच वर्षांची आहे. पहिल्या संचांची ही मुदत २०२९ मध्ये संपू लागेल. त्यानंतर छपरावर कोणाला बोलवायचे आणि त्याचे पैसे कोणत्या खात्यातून द्यायचे, हे गृहनिर्माण संस्थांना आतापासूनच ठरवावे लागेल.