एक आंबट घोट

डॉक्टरांच्या स्मरणिकेत मद्यावर लिहावे, आणि तेही एका बालरोगतज्ज्ञाने, हे काहीसे अप्रशस्त वाटेल याची मला जाणीव आहे. म्हणून आरंभीच एक गोष्ट सांगून टाकतो. मद्याची कोणतीही मात्रा आरोग्यास सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे आणि त्या मताशी मी पूर्णतः सहमत आहे. तरीसुद्धा त्याच्या दोनच महिने आधी परदेशात घेतलेल्या एका घोटाने मला आपल्या घराचा, आपल्या शहराचा आणि आपल्या व्यवसायाचा बराच विचार करायला लावला. तो येथे मांडतो आहे.

आमचे घर चिक्कडपल्लीतले, तीन पिढ्यांचे. आजोबा मूळचे नांदेड जिल्ह्यातील. १९४७ च्या ऑगस्टमध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसने स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली निजामाविरुद्ध लढा पुकारला, तेव्हा त्यात शिंदीची झाडे तोडण्याचाही कार्यक्रम होता. शिंदीवरील अबकारी कर हे संस्थानी खजिन्याचे एक मोठे उत्पन्न होते, ते बुडवायचे हा हेतू. विशीतले आजोबा कुऱ्हाड घेऊन रात्री-अपरात्री त्या कामाला जात. साहजिकच आमच्या घरात 'शिंदी' हा शब्द देखील शिवीसारखा उच्चारला जाई. मद्य दूरच राहिले, आंबूस वासाची आंबीलही आजीला आजोबांच्या नजरेआड प्यावी लागे, असे वडील हसत सांगत.

अशा घरातली माझी मुलगी बेल्जियममध्ये लूव्हेनला सूक्ष्मजीवशास्त्राच्या पुढील शिक्षणासाठी गेली. नोव्हेंबर २०२२ मध्ये आम्ही उभयता तिला भेटावयास गेलो असता ती म्हणाली, "बाबा, चॉकलेटची दुकाने सगळेच बघतात. मी तुम्हाला एक प्रयोगशाळा दाखवते." आणि तिने आम्हाला नेले ते ब्रसेल्सच्या अँडरलेख्त भागातील 'काँतियों' या १९०० साली स्थापन झालेल्या बिअरच्या कारखान्यात! एकाच कुटुंबाने पिढ्यान्‌पिढ्या चालविलेला हा कारखाना १९७८ पासून संग्रहालय म्हणूनही लोकांना खुला आहे.

तेथे होते ती 'लॅम्बिक' जातीची बिअर. ब्रसेल्स व त्याच्या नैर्ऋत्येकडील सेन नदीच्या खोऱ्याचे ते वैशिष्ट्य. मोड आणून वाळविलेली बार्ली आणि जवळजवळ एकतृतीयांश कच्चा गहू यांचा काढा करतात, त्यात काही वर्षे जुनी, कडवटपणा गेलेली हॉपची फुले घालून तो तासन्‌तास उकळतात. इथपर्यंत नवल काही नाही. नवल पुढे आहे. अन्यत्र अशा काढ्यात निवडून वाढविलेले यीस्ट मोजून घालतात. येथे काहीच घालत नाहीत. तो काढा माळ्यावरील एका प्रचंड, उथळ तांब्याच्या परातीत ओततात, छपराच्या झडपा उघडतात आणि रात्रभर निवू देतात. हवेतले, तुळयांवरचे, कौलांखालचे जे सूक्ष्मजीव त्यात उतरतील, ते उतरतील. पहाटे तो ओकच्या लाकडी पिंपांत भरतात आणि एक ते तीन वर्षे वाट पाहतात. ही परात भरतात ती केवळ थंडीत, साधारण ऑक्टोबरअखेर ते एप्रिलच्या आरंभापर्यंत. उन्हाळ्यात नको ते जंतू माजतात म्हणून. आपल्या घरी इडलीच्या पिठातही कोणी यीस्ट घालत नाही आणि मे महिन्यात तेच पीठ दुपारपर्यंत आंबटढाण होते, हे हिला चटकन आठवले. शास्त्र एकच.

कारखान्यात कोळिष्टके झाडीत नाहीत, कारण फळांवर येणाऱ्या चिलटांचा बंदोबस्त कोळी करतात. निर्जंतुकीकरणाच्या धाकात आयुष्य घालविलेल्या माझ्यासारख्याला ते पाहून घाम फुटायचा बाकी होता. त्यात मुलीने भर घातली. पिंपातील पहिला महिना-दीड महिना राज्य असते ते एंटेरोबॅक्टर आणि त्याच्या भाऊबंदांचे, म्हणजे ज्यांची नावे कल्चरच्या अहवालात वाचून मी अस्वस्थ होतो त्याच कुळाचे! मग नेहमीचे यीस्ट येऊन मद्यार्क करते. आम्लता आणि मद्यार्क वाढले की पहिले पाहुणे नष्ट होतात. त्यानंतर लॅक्टिक आम्ल करणारे पेडिओकॉकस येतात आणि सर्वांत शेवटी, कित्येक महिन्यांनी, ब्रेटानोमायसिस हे मंदगती यीस्ट उरलीसुरली साखर संपविते. या यीस्टच्या एका जातीला ब्रसेल्सवरूनच 'ब्रक्सेलेन्सिस' हे नाव मिळाले आहे. कोणी कोणाला हाकलीत नाही. ज्याची वेळ संपते तो जातो.

अशा मुरलेल्या लॅम्बिकमध्ये रासबेरी घालून आणखी काही महिने ठेवली की होते ती 'फ्रांबोआझ'. एका लिटरमागे सुमारे दोनशे ग्रॅम फळ. पेल्यात ओतली तेव्हा रंग डाळिंबाच्या पातळ रसासारखा. मुंबईच्या इराण्याकडील लालभडक रासबेरी सोड्याची चव मनात धरून मी घोट घेतला आणि दोन्ही डोळे मिटले. गोडवा नावालाही नाही! फळातली सारी साखर यीस्टने खाऊन टाकलेली. आधी कोकमासारखी लखलखीत आंबट चव, मग नाकात फळाचा गंध, त्यामागून जुन्या कोठीघराचा, ओल्या लाकडाचा वास आणि शेवटी जिभेवर किंचित तुरटपणा. मद्यार्क सुमारे पाच टक्के. बाजारात रस आणि साखर घालून गोड केलेली फ्रांबोआझही मिळते व ती पुष्कळांना आवडते, पण ही तशी नव्हती. दुसरा घोट अधिक बरा लागला. तिसऱ्याला मी थांबलो.

थांबलो, कारण तो वास ओळखीचा होता. आपल्या शहरात त्याला दखनीत 'सेंदी' म्हणतात, तेलुगूत 'कल्लू' आणि आजोबांच्या भाषेत शिंदी. तीही अशीच आपोआप आंबणारी. गौड समाजाचा माणूस शिंदीच्या किंवा ताडाच्या झाडावर चढून छेद घेतो, मडके बांधतो आणि पहाटे रस उतरवितो. शंभर मिलिलिटरमागे दहा-बारा ग्रॅम साखर असलेला हा रस ताजा असता नीरा. मडक्यातले आणि हवेतले यीस्ट व जिवाणू काही तासांत त्याची ताडी करतात, आणि दिवस उलटला की ती शिरक्याच्या वाटेला लागते. लॅम्बिकला वर्षे लागतात, ताडीला काही तास पुरतात. हा हवामानाचा फरक, जातीचा नव्हे. मुलीला हे सांगितले तेव्हा तिने साहजिकच विचारले, "मग आपल्याकडे असे संग्रहालय का नाही?"

उत्तर देताना मला एक रात्र आठवली. १९९० च्या दशकाच्या अखेरीस मी निवासी डॉक्टर असताना शहराबाहेरील एका वस्तीतून तीन वर्षांची मुलगी आणली गेली. हाका मारून उठत नव्हती, श्वास संथ होता. आजीने सांगितले, 'वेडि चेसिंदि', म्हणजे अंगात उष्णता झाली, म्हणून दोन घोट कल्लू पाजली. लहान मुलांत थोड्या मद्यार्कानेही रक्तातील साखर धोकादायकरीत्या उतरते, म्हणून मी प्रथम ती तपासली. साखर ठीक होती. दोन घोट ताडीने इतकी गाढ झोप लागणार नाही, हे ध्यानात आले. आमचे वरिष्ठ शांतपणे म्हणाले, "ताडीने नव्हे, ताडीतल्या पावडरीने." अठरा तास आम्ही तिच्या श्वासाकडे पाहत बसलो. मग तिने डोळे उघडून पाणी मागितले. आजी माझ्या पायाशी वाकली. मला मात्र संकोचच वाटला. तिने नातीला विष दिले नव्हते, तिच्या आजीने तिला दिले होते तेच दिले होते. मडक्यातला पदार्थ मात्र मधल्या काळात बदलला होता.

झाडे थोडी आणि गिऱ्हाईक फार, म्हणून पाण्यात क्लोरल हायड्रेट, डायझेपाम, अल्प्राझोलम व सॅकरिन मिसळून 'ताडी' बनविण्याचा धंदा आपल्या प्रांतात फोफावला. हैदराबाद शहरातील ताडीची दुकाने २००४ मध्ये बंद झाली आणि २०१४ मध्ये पुन्हा उघडली. २०१५ मध्ये निजामाबाद वगैरे जिल्ह्यांत भेसळीवर कारवाई होताच अनेकांना औषध तुटल्याची लक्षणे होऊन इस्पितळे भरली. जुलै २०२५ मध्ये कुकटपल्ली परिसरात ताडी पिऊन अनेक जण अत्यवस्थ झाले, काही दगावले. तपासणीत अल्प्राझोलम आढळले. मध्यंतरी २०२३ मध्ये नेकलेस रोडवर सरकारने नीरा कॅफे उघडला, तो एक सुज्ञ प्रयत्न होता. पण गरिबाच्या पेल्यातील ताडी खरी असावी, ही काळजी अजून कोणी पुरेशी वाहिलेली नाही.

आजोबा उतारवयात एकदा म्हणाले होते, "आम्ही झाडे तोडली, दुकाने तशीच राहिली." त्यांच्या त्यागाविषयी मला आदरच आहे. पण वाटते, झाडाचा दोष नव्हता आणि आंबण्याचाही नव्हता. निजामाच्या खजिन्याला पैसा हवा होता, आताच्या दुकानदारालाही तोच हवा आहे. ब्रसेल्सच्या त्या माळ्यावर मी पाहिले ते इतकेच, की तीन वर्षे वाट पाहण्याची तयारी असलेल्याला पावडर घालावी लागत नाही.

ब्रसेल्सचे दृश्य मनोरंजक म्हणून सांगितले. व्यवसायबंधूंना विनंती मात्र चिक्कडपल्लीची आहे. कारण न कळणारी गुंगी घेऊन एखादे मूल आले, किंवा अचानक फिट येऊन, बडबड करीत एखादा कष्टकरी आला, तर ताडीविषयी अवश्य विचारावे, आणि "दारू पितोस का?" असे न विचारता "कल्लू घेता का, कधी बंद केली?" असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला पुष्कळ जण मनापासून 'नाही' म्हणतात, कारण त्यांच्या लेखी कल्लू ही दारू नव्हेच. दुसऱ्या प्रश्नाला खरे उत्तर मिळते, आणि पुष्कळदा निदानही.